आठ खिडक्या आणि एक पडदा

म्हैसूरला जाणाऱ्यांची यादी ठरलेली असते. राजवाडा, चामुंडी टेकडी, वृंदावन गार्डन, प्राणिसंग्रहालय, आणि निघता निघता म्हैसूरपाकाचा डबा व चंदनाचा साबण. दोन दिवसांत ही यादी आरामात पूर्ण होते. यंदा तुम्ही जाणार असाल, तर तिच्यात एक घर वाढवा. तिथे सोन्याचं सिंहासन नाही, कारंजी नाहीत, मुलांना बघायला हत्तीही नाहीत. तासाभरात बघून होतं. पण तुम्हाला गोष्टी वाचायला आवडत असतील, किंवा मोबाइलच्या नोट्समध्ये एखादी अर्धी राहिलेली गोष्ट पडून असेल, तर हे घर तुमच्यासाठी आहे.

हे घर आर. के. नारायण यांचं. नाव लगेच ओळखीचं वाटलं नाही तरी ‘मालगुडी डेज’ नक्की आठवेल. आपल्यापैकी कुणी ही मालिका दूरदर्शनवर पाहिली, कुणी आईबाबांकडून ऐकली, आणि माझ्या वयाच्या अनेकांनी ती यूट्यूबवर शोधून पाहिली. तो स्वामी, त्याचे कडक वडील, गोष्टी सांगणारी आजी हे सगळं ज्याने कागदावर उतरवलं, त्याचं हे घर.

घर कुठे आहे?

म्हैसूर रेल्वे स्टेशनपासून यादवगिरी हा भाग जवळच आहे. रिक्षावाल्याला ‘आर. के. नारायण म्युझियम, यादवगिरी’ एवढं सांगितलं की पुरे. रस्ता किंचित चढाचा, दोन्ही बाजूंना झाडं आणि जुनी-नवी घरं. त्यांच्यात हे दुमजली पांढरं घर उभं आहे. त्याची एक बाजू अर्धगोलाकार पुढे आलेली दिसते.

हे घर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधून पूर्ण झालं. नारायण तेव्हा पंचेचाळिशीत होते. आयुष्यातला बराचसा काळ भाड्याच्या घरांत गेला होता आणि हे घर त्यांनी स्वतः लक्ष घालून बांधून घेतलं होतं. पुढे वय झालं, तब्येत साथ देईना, तेव्हा १९९० च्या दशकात ते चेन्नईला मुलीच्या कुटुंबाजवळ राहायला गेले. १३ मे २००१ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं.

आत गेलात की त्यांचे कोट, चष्मा, पुस्तकं, मानचिन्हं आणि कुटुंबाचे फोटो दिसतील. सगळं साधं आहे. लेखकाच्या घरी फार काही बघायला नसतंच. त्याचं खरं काम पुस्तकांत असतं आणि पुस्तकं तर आपल्या घरी असतात. मग इतक्या लांब यायचं कशाला? माझ्या मते, एका खिडकीसाठी.

खिडकी आणि पडदा

नारायण यांनी लिहिण्यासाठी एक खास खोली बांधून घेतली. तिला आठ खिडक्या. त्या काळी यादवगिरी म्हणजे गावाचं टोक होतं. एका बाजूला चामुंडी टेकडीवरचं देऊळ, दुसरीकडे शहरातले घुमट आणि शिखरं, भोवती चरणारी गुरं, आणि उतारावरून धावणाऱ्या आगगाड्या. कुठल्याही लेखकाला हेवा वाटावा असं ते दृश्य. आपण तर अशा खोलीचा फोटो काढून ‘एक दिवस अशी जागा हवी’ असं लिहून स्टेटसला ठेवला असता.

या खोलीचं पुढे काय झालं, ते नारायण यांनीच आपल्या आठवणींमध्ये सांगितलं आहे. तिथे बसल्यावर लिहिणंच होईना. नजर सतत बाहेर जायची. शेवटी त्यांनी खिडक्यांना करड्या रंगाचे पडदे लावून टाकले. समोर करड्या कापडाशिवाय बघण्यासारखं काही उरलं नाही, आणि मग दिवसाला हजार शब्द होऊ लागले. पुढच्या काही वर्षांत तिथे कादंबऱ्या पूर्ण झाल्या.

या घरातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट हीच. हौसेने आठ खिडक्या बांधायच्या आणि मग स्वतःच्याच हाताने त्या झाकायच्या. लेखकाला निवांत जागा हवी, डोंगर हवा, पाऊस हवा, कॉफीचा कप हवा असं आपण धरून चालतो. नारायण यांना अनुभवातून कळलं की सुंदर जागा बघायला चांगली असते, लिहायला नाही. गोष्ट लिहिताना ती मनात जशी दिसते तशी बघावी लागते, आणि त्यासाठी बाहेरचं काही काळ बंद ठेवावं लागतं.

हजार शब्द हा आकडाही नीट बघा. मी पोटापाण्यासाठी कंटेंट लिहिते. ‘पावसाळ्यात केसांची काळजी’ या विषयावरचे हजार शब्द दुपारच्या जेवणाआधी हातावेगळे होतात, कारण त्यात काय यायचं ते आधीच ठरलेलं असतं. गोष्टीचे हजार शब्द वेगळे. तिथे एखादं पात्र दारातून आत येऊन काय बोलेल, हे लिहिणाऱ्यालाही लिहीपर्यंत माहीत नसतं. असे हजार शब्द एका दिवसात लिहिणं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसणं, यात कौतुक त्या ‘पुन्हा’चं आहे.

मालगुडीचं तिकीट मिळत नाही

म्हैसूरला आलेले अनेक जण विचारतात, मालगुडी म्हणजे म्हैसूरच ना? हो आणि नाही. मालगुडी हे गाव नकाशावर नाही. ते १९३० मध्ये जन्मलं. नुकतेच बी. ए. झालेले नारायण तेव्हा बंगळुरूला आजीकडे होते. आजीने शुभ दिवस बघून दिला, त्यांनी एक वही विकत आणली आणि लिहायला बसले. डोळ्यांसमोर आधी एक छोटं रेल्वे स्टेशन आलं आणि त्या स्टेशनसोबत मालगुडी हे नाव.

पुढे साठ वर्षं ते त्या गावात भर घालत राहिले. शरयू नदी, मेंपीच्या टेकड्या, मार्केट रोड, कबीर स्ट्रीट, लॉली एक्स्टेन्शन, अल्बर्ट मिशन स्कूल. एका कादंबरीत आलेला रस्ता दुसऱ्या कादंबरीत त्याच वळणावर भेटतो. गोष्टी लिहू बघणाऱ्यांसाठी ही मोठी सोयीची युक्ती आहे. खऱ्या गावावर लिहिलं की कुणी तरी सांगणारच, “अहो, त्या चौकात औषधाचं दुकान कधीच नव्हतं.” आपलं गाव आपणच वसवलं की दुकान कुठे हवं ते आपण ठरवतो. पण मग एक जबाबदारी येते. आज डावीकडे ठेवलेलं दुकान वीस वर्षांनंतरही डावीकडेच ठेवावं लागतं.

मुलांना ‘मालगुडी’ बघायचंच असेल, तर त्यांना शिवमोग्गा जिल्ह्यात न्या. शंकर नाग यांनी १९८० च्या दशकात केलेल्या मालिकेचं बरंचसं चित्रीकरण तिथल्या आगुंबे गावात झालं. मालिकेत मालगुडीचं म्हणून दिसलेलं अरसाळू हे छोटं स्टेशन रेल्वेने २०२० मध्ये नीटनेटकं करून तिथे मालगुडी संग्रहालय थाटलं. गंमत बघा. एका तरुणाने १९३० मध्ये मनात बघितलेल्या स्टेशनासाठी नव्वद वर्षांनी खरंखुरं स्टेशन सजवलं गेलं.

आपल्याशी जोडणारे दोन धागेही इथेच आहेत. शंकर नाग कन्नड पडद्यावर गाजण्याआधी मुंबईत मराठी रंगभूमीवर काम करत होते. आणि मालगुडीची चित्रं काढणारे आर. के. लक्ष्मण हे नारायण यांचे धाकटे भाऊ. मुंबईत बसून रोज ‘कॉमन मॅन’ काढणारे आणि अखेरची वर्षं पुण्यात घालवलेले लक्ष्मण आपल्याला इतके घरचे वाटतात, की ते मूळचे म्हैसूरचे हे कित्येकदा लक्षातच राहत नाही.

नऊ रुपये बारा आणे

घरात कुणी ‘मला लेखक व्हायचंय’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, “त्यात पैसे किती मिळतात?” विचारणाऱ्यांना आपण उगाच रुक्ष ठरवतो. प्रश्न खरा आहे, आणि नारायण यांच्या बाबतीत त्याचं उत्तरही उपलब्ध आहे. लेखनातून त्यांची पहिल्या वर्षाची कमाई सुमारे नऊ रुपये बारा आणे. तीही गोष्टीची नाही, एका पुस्तकाच्या परीक्षणाची, आणि ते पुस्तक होतं सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या सागरी कायद्यांवर!

वडील मुख्याध्यापक, म्हणून नारायण यांनीही शिक्षकाची नोकरी धरून बघितली. काही दिवसांतच सोडली. एकत्र कुटुंब होतं, डोक्यावर छप्पर होतं, म्हणून ते शक्य झालं. ही बाजू आपण विसरता कामा नये. ‘नोकरीला लाथ मारली आणि लेखक झाला’ असं वाक्य ऐकायला छान वाटतं, पण त्या लेखकाच्या ताटात भात कुणी वाढला, हे त्या वाक्यात येत नाही.

लग्नानंतर पैसे मिळवणं भागच होतं. मग ते मद्रासच्या ‘जस्टिस’ या वर्तमानपत्राचे म्हैसूरचे वार्ताहर झाले. छापून आलेल्या मजकुराच्या लांबीवर पैसे. म्हणजे बातमी जितके इंच, तितके आणे. रोज सकाळी बाहेर पडायचं, बाजार, कोर्ट, नगरपालिका अशी फेरी मारायची आणि काही छापण्याजोगं मिळतंय का ते शोधायचं. काम दमवणारं आणि पैसा तुटपुंजा. पण पुढे मालगुडीत जे वकील, कारकून, दुकानदार, भांडकुदळ शेजारी आले, त्यांच्याशी नारायण यांची ओळख याच फेऱ्यांमध्ये वाढत गेली.

आज कुणी दिवसा जाहिरातीचा मजकूर लिहितं, कुणी शिकवणी घेतं, कुणी बँकेत काउंटरवर बसतं आणि रात्री गोष्ट लिहितं. त्यांना हा वार्ताहर जवळचा वाटेल. पोटासाठीचं काम आणि गोष्टीचं काम वेगळं असतं, पण दिवसाच्या कामात भेटलेली माणसं रात्री उपयोगाला येतात.

मित्राला पाठवलेली चिठ्ठी

पहिली कादंबरी लिहून झाली, पण छापायला कुणी तयार होईना. हस्तलिखित इंग्लंडमधल्या प्रकाशकांकडे जायचं आणि परत यायचं. त्या काळी हस्तलिखित बोटीने जायचं, म्हणजे नकार यायलाही कित्येक आठवडे लागायचे. शेवटी वैतागून त्यांनी ऑक्सफर्डमध्ये असलेल्या मित्राला कळवलं, की त्या कागदांना दगड बांध आणि थेम्स नदीत बुडवून टाक.

मित्राने ते ऐकलं नाही. त्याने हस्तलिखित ग्रॅहम ग्रीन या इंग्रजी कादंबरीकाराला दाखवलं. ग्रीन यांना ते आवडलं आणि त्यांच्या शब्दावर १९३५ मध्ये लंडनला ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ प्रसिद्ध झालं. नारायणस्वामी हे लांबलचक नाव तिथल्या वाचकांना जड जाईल, म्हणून ते ‘नारायण’ करण्याची सूचनाही ग्रीन यांचीच.

इथे थांबलं तर ही एक गोड यशोगाथा होते. पण पुढचं ऐका. पुस्तकाचं कौतुक झालं, खप मात्र झाला नाही. दुसरी कादंबरी १९३७ मध्ये दुसऱ्या प्रकाशकाकडून आली आणि तिसरी १९३८ मध्ये तिसऱ्याकडून. चांगली परीक्षणं छापून आली तरी प्रकाशक टिकत नव्हता. पुढे महायुद्धाच्या काळात इंग्लंडशी संपर्क अवघड झाला, तेव्हा त्यांनी म्हैसूरमध्येच ‘इंडियन थॉट’ नावाने नियतकालिक आणि प्रकाशन सुरू केलं. नियतकालिक फार चाललं नाही. पण ते छापून देणारा म्हैसूरचा मुद्रक त्यांच्या मनात बसला आणि थोड्या वर्षांनी ‘मिस्टर संपत’ या कादंबरीचा नायक बनून बाहेर आला. नियतकालिकातला तोटा असा कादंबरीत वसूल झाला म्हणायचा.

न लिहिण्याची वर्षं

संग्रहालयातल्या कुटुंबाच्या फोटोंपाशी जरा थांबा. नारायण यांचं लग्न प्रेमातून झालं. पत्रिका जुळत नव्हत्या, तरी दोन्ही घरांची समजूत घालून झालं. पत्नीचं नाव राजम. १९३९ मध्ये विषमज्वराने तिचं निधन झालं. मुलगी हेमा अगदी लहान होती. नारायण यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

त्यानंतर बराच काळ त्यांची कादंबरी आली नाही. १९३८ नंतरची कादंबरी आली ती थेट १९४५ मध्ये, ‘द इंग्लिश टीचर’. तिच्यातला कृष्णन शिक्षक आहे, त्याची पत्नी सुशीला टायफॉइडने जाते, मागे छोटी मुलगी उरते. पुस्तक राजमलाच अर्पण केलं आहे.

स्वतःच्या आयुष्यावर लिहिणं सोपं, असं अनेकांना वाटतं. दुःख आहेच, फक्त शब्दांत उतरवायचं. पण दुःख ताजं असताना माणूस लिहीत नाही, तो नुसता रडतो, किंवा रडतही नाही. नारायण यांना मध्ये काही वर्षं जाऊ द्यावी लागली. मग त्या घटनेला दुसरं नाव, दुसरी नोकरी आणि मालगुडीतलं घर देऊन ती लिहिता आली. तुमच्याकडेही अशी एखादी गोष्ट असेल जी लिहायला बसलं की हात थांबतो, तर घाई करू नका. लिहिलं नाही म्हणजे ती वाया गेली, असं नसतं.

बाजारात एक चक्कर

घर बघून झालं की तडक हॉटेलवर जाऊ नका. रिक्षा करून देवराज मार्केटला जा. म्हैसूर मल्लिगे म्हणजे इथल्या मोगऱ्याचे ढीग, विड्याच्या पानांच्या चळती, कुंकवाचे रंगीत डोंगर, नंजनगूडची रसबाळे केळी. इथे खरेदी जरूर करा, पण थोडा वेळ नुसतं उभं राहा आणि माणसं बघा. हे मात्र उघड्या खिडकीचं काम.

नारायण यांच्या ‘द फायनान्शियल एक्स्पर्ट’ या कादंबरीतला मार्गय्या असाच उघड्यावर भेटणारा माणूस आहे. सहकारी बँकेसमोरच्या वडाखाली पत्र्याची पेटी घेऊन बसतो आणि कर्जासाठी आलेल्या खेडूतांना फॉर्म विकतो, सल्ले देतो. ही कल्पना भावाने सांगितलेल्या एका खऱ्या माणसावरून सुचली होती. तहसील कार्यालयाबाहेर, आरटीओसमोर, कोर्टाच्या फाटकाशी टेबल टाकून बसलेला मार्गय्या तुमच्याही गावात असणार. तुम्ही त्याच्याकडून फॉर्म भरून घेतला असेल. पण त्याच्या घरी कोण आहे, मुलाबद्दल त्याची काय स्वप्नं आहेत, बँकेतल्या साहेबाने अपमान केल्यावर तो रात्री बायकोशी कसा बोलत असेल, इतकं पुढे आपण जात नाही. लेखक जातो. भावाने सांगितलेला किस्सा दोन मिनिटांत संपला असेल. कादंबरी त्याच्या पुढच्या प्रश्नांतून उभी राहिली.

बघण्याची ही सवय त्यांच्याजवळ म्हातारपणीही राहिली. १९८० च्या दशकात ते राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य झाले. तिथल्या पहिल्या भाषणाला त्यांनी विषय निवडला तो शाळकरी मुलांच्या पाठीवरच्या दप्तराच्या ओझ्याचा. पुढे शाळेच्या ओझ्यावर विचार करायला प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल १९९३ मध्ये आला. ऐंशी वर्षांच्या माणसाला संसदेत बोलायला उभं राहिल्यावर स्वामीचं दप्तर आठवावं, यात मला सगळे नारायण दिसतात.

गोष्ट हातातून निसटते तेव्हा

‘गाइड’ हा देव आनंद आणि वहिदा रेहमान यांचा सिनेमा आपल्या घराघरांत पाहिला गेला आहे. त्याची मूळ कादंबरी नारायण यांची. म्हैसूर भागात दुष्काळ पडला होता, पावसासाठी कावेरीच्या पात्रात उपास आणि मंत्रपठण झालं होतं. त्या घटनेतून, लोकांनी बळेच साधू करून टाकलेल्या एका माणसाची गोष्ट त्यांना सुचली. पण ती लिहिली कुठे? अमेरिकेतल्या बर्कलीमध्ये, हॉटेलच्या खोलीत. ना चामुंडी टेकडी, ना कावेरी. १९५८ मध्ये पुस्तक आलं आणि १९६० मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

सिनेमावाले आले तेव्हा नारायण यांनी त्यांना म्हैसूरच्या परिसरात हिंडवून मनातल्या जागा दाखवल्या. प्रत्यक्ष चित्रपटात मात्र कथा राजस्थानात गेली. दक्षिणेतलं छोटं गाव जाऊन उदयपूरचे महाल आले. १९६५ चा हा सिनेमा गाजला, आजही आपण त्याची गाणी गुणगुणतो. नारायण मात्र त्यावर नाराज होते. त्यांनी त्यावर लेखही लिहिला, आणि नाव दिलं ‘मिसगायडेड गाइड’.

कोण बरोबर, यावर घरी जेवताना वाद घालायला हरकत नाही. मला दोन्ही बाजू पटतात. सिनेमा म्हणून तो सुंदर आहे. आणि ज्याने आयुष्यभर एक गाव विटेवर वीट रचून उभं केलं, त्याला ते उचलून भलतीकडे ठेवलेलं बघून त्रास होणारच. लिहून झालेल्या गोष्टीवर लेखकाचा हक्क किती, हा प्रश्न लेखक होऊ बघणाऱ्यांनी आधीच माहीत करून घेतलेला बरा.

हा लेखक कुणाचा?

या घराचीही एक गोष्ट आहे. २०११ मध्ये ते पाडून तिथे नवीन इमारत बांधायचं ठरलं होतं आणि पाडकाम सुरूही झालं होतं. बातमी आल्यावर आरडाओरडा झाला, काम थांबलं. पुढे सरकारी यंत्रणेने घर ताब्यात घेतलं, दुरुस्त केलं, आणि २०१६ मध्ये संग्रहालय खुलं झालं.

मधल्या काळात काही कन्नड लेखकांनी एक प्रश्न विचारला होता. घरी तमिळ बोलणाऱ्या आणि इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखकाचं स्मारक कर्नाटकच्या पैशाने का करायचं? प्रश्न ऐकायला कडवट वाटतो, पण त्यामागे काही तरी खरं आहे. ज्या म्हैसूरमध्ये कुवेंपूंसारखे मोठे कन्नड लेखक राहिले आणि लिहीत होते, तिथे इंग्रजीत लिहिणाऱ्याचंच नाव जगभर पोहोचावं, हे आपल्या भाषेत लिहिणाऱ्यांना टोचणारच. आपण मराठी माणसांना ते कळायला जड नाही.

आणि तरीही या प्रश्नाचं दुसरं उत्तर मला आपल्याच भाषेत सापडतं. मुंबई-पुण्याकडून रेल्वेने कर्नाटकात येताना वाटेत धारवाड लागतं. मराठी कथेत ज्यांचं नाव आदराने घेतलं जातं ते जी. ए. कुलकर्णी अनेक वर्षं तिथे राहिले. कॉलेजात इंग्रजी शिकवलं, रस्त्यावर कन्नड ऐकलं आणि गोष्टी मराठीत लिहिल्या. ‘काजळमाया’, ‘पिंगळावेळ’ यांचा लेखक महाराष्ट्राबाहेर राहत होता म्हणून तो आपल्याला कमी आपला वाटतो का? तुम्ही हा लेख बंगळुरू, इंदूर, बडोदा किंवा हैदराबादमध्ये बसून वाचत असाल, तर घरातली भाषा एक, रस्त्यावरची दुसरी आणि ऑफिसची तिसरी, हे तुम्ही रोज जगता. तीन भाषांमध्ये राहणं ही लेखनातली अडचण वाटते, पण नारायण आणि जी. ए. दोघांनी तशाच जगण्यातून लिहिलं. फक्त एकाने इंग्रजी निवडली, दुसऱ्याने मराठी.

तुम्ही गेलात तर

निघण्यापूर्वी संग्रहालय कोणत्या दिवशी आणि कधी उघडं असतं ते तपासून घ्या. मुलं सोबत असतील तर आदल्या रात्री त्यांना मालगुडीची एक तरी गोष्ट वाचून दाखवा किंवा मालिकेचा एक भाग दाखवा. मग त्या घरातल्या वस्तू त्यांना ओळखीच्या माणसाच्या वाटतील. संध्याकाळी जमलं तर कुक्करहळ्ळी तलावावर जा. परीक्षेत नापास झाल्यावर मिळालेल्या मोकळ्या वर्षात तरुण नारायण पुस्तक घेऊन या तलावाकाठी बसत. नापास झाले होते ते इंग्रजीतच, हे मुलांना सांगायला विसरू नका. मोठ्यांनाही सांगा.

आणि तुमच्यापैकी ज्यांची गोष्ट अर्धी पडून आहे, त्यांनी त्या अर्धगोल खोलीत दोन मिनिटं उभं राहावं. आज भोवती घरं वाढली आहेत, पूर्वीचं सगळं दृश्य दिसणार नाही. तरी खिडक्या मोजा. मग घरी परतल्यावर आपल्या खिडकीकडे बघा. ती बहुतेक शेजारच्या बिल्डिंगच्या पाइपांकडे उघडत असेल. कदाचित खिडकी नसेलच, फक्त डायनिंग टेबलाचा एक कोपरा असेल, आणि पलीकडे टीव्ही चालू असेल. लिहायला तेवढी जागा चालते. हजार शब्द नको, शंभरच लिहा. फोनवर लिहीत असाल तर नोटिफिकेशन बंद करा, तोच आपला करडा पडदा. आणि उद्या पुन्हा बसा.